ब्रेकिंग न्यूज हातात होती, पण…

लाइट गेली की आपण सगळ्यात आधी काय करतो? खिडकीत जातो आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते बघतो. तिकडेही अंधार असला की जरा बरं वाटतं. म्हणजे आपला फ्यूज उडालेला नाही, बिल भरायचं राहिलेलं नाही. वरूनच गेली आहे. हे ‘वरून’ म्हणजे आपल्या डोक्यात फार तर चौकातला ट्रान्सफॉर्मर किंवा गावाबाहेरचं सबस्टेशन.

१३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात पहाटे पावणेतीनच्या सुमारास लाइट गेली. एखाद्या गल्लीतली नाही, अख्ख्या प्रांतातली. सुमारे ६० लाख लोक अंधारात. मार्च म्हणजे तिकडे कडाक्याची थंडी, आणि बहुतेक घरांतले हीटर विजेवर चालणारे. वीज परत यायला नऊ तास लागले. कुठे वादळ नाही, पाऊस नाही, घातपात नाही. त्या दिवशी वीज खरोखरच वरून गेली होती. तब्बल १५ कोटी किलोमीटर वरून. सूर्याने घालवली होती.

सूर्य असं करू शकतो याचा पहिला धागा ज्याच्या हाती लागला, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव रिचर्ड ख्रिस्तोफर कॅरिंग्टन. अंतराळ हवामानाबद्दल कुठेही दोन ओळी वाचल्या असतील, तर ‘कॅरिंग्टन इव्हेंट’ हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. पण त्या नावामागचा माणूस? तो मात्र आपल्यापैकी अनेकांसारखा होता. घरचे म्हणत होते एक, याला करायचं होतं दुसरंच. मनासारखी नोकरी मिळाली नाही. घरच्या धंद्यात अडकला. आणि सगळ्यात मोठी बातमी हातात असताना जेवढं माहीत आहे तेवढंच बोलला.

बिअरचा कारखाना आणि आकाश

कॅरिंग्टनचा जन्म २६ मे १८२६ चा, लंडनच्या चेल्सी भागातला. वडिलांचा ब्रेंटफर्डला बिअरचा कारखाना. घरात पैसा भरपूर. मुलाने पाद्री व्हावं अशी घरच्यांची इच्छा. म्हणून त्याला केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पाठवलं. तिथे त्याने खगोलशास्त्राची लेक्चर्स ऐकली आणि चर्चचा विषय संपला. आपल्याकडे इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा थर्ड इयरला नाटकाच्या ग्रुपमध्ये रमतो ना, तसंच काहीसं.

१८४९ मध्ये त्याला डरहॅम विद्यापीठाच्या वेधशाळेत निरीक्षकाची नोकरी मिळाली. पण तिथली उपकरणं त्याच्या कामाला पुरी पडत नव्हती. तीनेक वर्षांत त्याने नोकरी सोडली आणि लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या रेडहिल इथे स्वतःचं घर आणि घराला लागून स्वतःची वेधशाळा बांधली. पैसे अर्थात वडिलांच्या कारखान्याचे. हे प्रिव्हिलेज आपण नजरेआड करायचं कारण नाही. पण त्याने त्याचं काय केलं तेही बघा. रात्री ध्रुवाजवळचे तारे मोजायचे, दिवसा सूर्यावरचे डाग. रात्रीच्या कामातून ३,७३५ ताऱ्यांची यादी तयार झाली. १८५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यासाठी १८५९ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक त्याला मिळालं.

दिवसाचं काम मात्र अजून संपायचं होतं. सूर्यावरच्या डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. कॅरिंग्टनने ठरवलं, आपण हे पूर्ण चक्र बघायचं. ११ वर्षं. ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी.

पद्धत साधी होती. दुर्बिणीतून थेट सूर्याकडे बघायचं नाही (तुम्हीही कधी बघू नका, डोळा जाईल). दुर्बिणीतून येणारी सूर्याची प्रतिमा फिकट पिवळट रंग दिलेल्या काचेवर पाडायची. साधारण ११ इंच व्यासाची, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढी. मग त्या ताटातला एकेक डाग कुठे आहे ते वेळेसकट टिपायचं आणि त्याचं चित्र काढायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नोव्हेंबर १८५३ पासून हे सुरू झालं.

यातून त्याने जे शोधलं ते पाठ्यपुस्तकात गेलंय. सूर्य पृथ्वीसारखा एकसंध गोळा म्हणून फिरत नाही. त्याचा मधला पट्टा लवकर फिरतो, वर-खालचे भाग रेंगाळतात. पृथ्वीवरून बघताना सूर्याची एक फेरी सरासरी २७ दिवसांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण होते. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

११ वाजून १८ मिनिटं

१ सप्टेंबर १८५९, गुरुवार. आकाश स्वच्छ. कॅरिंग्टन नेहमीप्रमाणे काचेवरचा सूर्य उतरवत होता. त्या दिवशी डागांचा एक मोठा पुंजका दिसत होता. ११ वाजून १८ मिनिटांनी त्या पुंजक्यावर अचानक दोन पांढरेशुभ्र, डोळे दिपवणारे ठिपके उमटले.

त्याच्या मनात पहिली शंका आली ती स्वतःच्या उपकरणाबद्दल. कुठेतरी पडद्याला भोक पडलं असेल आणि उन्हाची तिरीप आत येत असेल. त्याने प्रतिमा हलवून पाहिली. बाहेरून आलेली तिरीप असती तर ती डागांबरोबर सरकली नसती. ठिपके डागांबरोबर सरकले. म्हणजे जे होतं ते सूर्यावरच होतं.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? मोबाइल काढून शूट केलं असतं, बरोबर? त्याच्याकडे मोबाइल नव्हता. तो धावत बाहेर गेला, साक्षीला कोणालातरी बोलवायला. मिनिटाच्या आत परतला. तेवढ्यात ठिपके फिके पडून आक्रसले होते. ११ वाजून २३ मिनिटांनी सगळं संपलं. त्या पाच मिनिटांत ठिपके सूर्यावर जवळपास ५६ हजार किलोमीटर सरकले होते.

मास कॉमला आम्हाला पहिल्या वर्षापासून एक गोष्ट घोकवतात : दुसरा सोर्स. एकाने सांगितलं म्हणून छापायचं नाही. कॅरिंग्टनबद्दल वाचताना मला तेच आठवत राहिलं. साक्षीदार हुकला, पण दुसरा सोर्स त्याला मिळाला. लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसन नावाचे हौशी निरीक्षक त्याच वेळी सूर्य बघत होते. त्यांनाही तेच दिसलं होतं. हे कळल्यावर कॅरिंग्टनने काय केलं असेल? हॉजसनशी याबद्दल बोलणंच कटाक्षाने टाळलं. दोघांची निवेदनं एकमेकांना न विचारता सभेपुढे यावीत, तरच त्यांना किंमत, असा त्याचा हिशोब.

त्या रात्री जग उजळलं

त्या पाच मिनिटांनंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर धमाल उडाली. उत्तर ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत प्रकाश, म्हणजे अरोरा, थेट क्युबा आणि हवाईपर्यंत दिसला. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात सोन्याच्या खाणीवर आलेले लोक सकाळ झाली समजून उठले आणि नाश्त्याच्या तयारीला लागले. त्या काळाचं इंटरनेट म्हणजे तारयंत्र, आणि ते वेडंपिसं झालं. त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये एका तारमास्तराच्या कपाळाला विजेचा झटका बसला. बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी तर बॅटऱ्याच काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप खेळणाऱ्या विजेवर सुमारे दोन तास संदेश पाठवले.

आणि आपल्या मुंबईत? आपल्याकडे ही नोंद झाली होती, आणि तीही मोलाची. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, म्हणजे कॅरिंग्टनच्या वयाची. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी नियमित होत असे. २ सप्टेंबरच्या सकाळी तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून लिहून ठेवलेले आकडे सांगतात की चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळली. जगात अनेक ठिकाणी काटे मोजपट्टीच्या बाहेर गेले. कुलाब्याची नोंद टिकली. त्या वादळाची ताकद किती होती हे मोजायला शास्त्रज्ञ आजही तिचा आधार घेतात. ही मुंबईची परंपरा पुढे नानाभाई मूस यांनी जपली. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय मोजणी अलिबागला नेण्यात आली. शनिवार-रविवारी अलिबागला जाताना हे आठवा.

हेडलाइन न केलेला माणूस

नोव्हेंबर १८५९. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा. कॅरिंग्टनच्या हातात काय काय आहे बघा. सूर्यावरचा असा स्फोट त्याआधी कोणी पाहून नोंदवलेला नव्हता. क्यू वेधशाळेतल्या चुंबकमापकावर त्याच मिनिटांत एक छोटा झटका उमटलेला. आणि काही तासांनी महावादळ. हेडलाइन तयारच होती : सूर्याने पृथ्वी हादरवली!

त्याने क्यूच्या झटक्याकडे आणि नंतरच्या वादळाकडे लक्ष वेधलं. पण हे त्यामुळे घडलं, असं म्हणायला त्याने नकार दिला. एकाच घटनेवरून निष्कर्ष काढू नये, अशी त्याची भूमिका. आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी कावळ्यामुळेच मोडली का, हे कळायला असे अनेक कावळे आणि अनेक फांद्या बघाव्या लागतात.

त्याला मात्र ते बघायला मिळालं नाही. त्याआधीच, १८५८ मध्ये, वडील वारले होते आणि बिअरचा कारखाना त्याच्या गळ्यात पडला होता. दिवस कारखान्यात जायला लागले. केंब्रिजच्या वेधशाळेचं प्रमुखपद मिळालं तर सगळं सोडून तिकडे जाता येईल, अशी त्याला आशा होती. ते पद दुसऱ्याला मिळालं. मार्च १८६१ मध्ये त्याने सूर्याची निरीक्षणं थांबवली. ठरवलेल्या ११ वर्षांपैकी सव्वासात वर्षं झाली होती. रेडहिलची वेधशाळा त्याने विकून टाकली. १८६३ मध्ये सगळ्या नोंदींचं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्या कामावर पडदा पडला.

पुढची कहाणी वाचायला जड जाते. १८६५ मध्ये मोठं आजारपण आलं. त्याने कारखाना विकला आणि चर्ट गावाजवळच्या एका टेकडीवर नवी वेधशाळा बांधली, पण जुना जोर परत आला नाही. १८६९ मध्ये रोझाशी लग्न झालं. तिच्या आयुष्यात आधीपासून असलेल्या एका माणसाने १८७१ मध्ये तिच्यावर चाकूहल्ला केला. ती वाचली. पण १७ नोव्हेंबर १८७५ च्या सकाळी ती अंथरुणात मृत आढळली. झोपेसाठी ती क्लोरल हायड्रेट घेत असे. दहाच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, कॅरिंग्टनही गेला. मेंदूतला रक्तस्राव. वय ४९. मृत्युपत्रात रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला दोन हजार पौंड ठेवले होते.

म्हणजे जाताना त्याला माहीत नव्हतं की आपण काय पाहिलंय.

उत्तर यायला ५० वर्षं

आणि कळायला सोपंही नव्हतं. १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या दिग्गजाने गणित मांडून सांगितलं की सूर्यामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ होणं शक्यच नाही. सूर्य सगळ्या दिशांना सारखी चुंबकीय शक्ती फेकतो असं धरलं, तर काही तासांच्या एका वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाएवढी ऊर्जा खर्चावी लागेल. गणित बरोबर होतं, गृहीतक चुकीचं होतं.

१९०४ मध्ये ग्रिनिचच्या वॉल्टर माउंडर यांनी जुन्या वादळांच्या तारखा मांडल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली. वादळं साधारण २७ दिवसांनी पुन्हा येतात. आठवला आकडा? कॅरिंग्टनने रोज ताटाएवढ्या सूर्यावर डाग मोजून काढलेली सूर्याची एक फेरी! म्हणजे सूर्य सगळीकडे सारखं फेकत नाही. एखाद्या भागातून पिचकारीसारखी धार सुटते आणि सूर्य फिरून आला की ती पुन्हा आपल्यावर येते. जो पुरावा कॅरिंग्टन मागत होता, तो मिळायला त्याचाच आकडा उपयोगी पडला.

आज चित्र स्पष्ट आहे. त्याला दिसली ती सौरज्वाला. तिचा प्रकाश आठ मिनिटांत येतो आणि वातावरणाचा वरचा थर विद्युतभारित करतो. क्यूचा छोटा झटका त्यामुळे. अशा स्फोटांबरोबर अनेकदा सूर्याच्या प्रभामंडलातून तप्त प्लाझ्माचा अवाढव्य ढग सुटतो, सोबत स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन. तो एरवी दोन-तीन दिवसांत येतो; १८५९ चा साडेसतरा तासांत आला.

मग लाइट का जाते?

इथे बारावीचा फॅरेडे कामाला येतो. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. वादळात पृथ्वीचं क्षेत्र भराभर बदलतं आणि जमिनीतच विद्युत दाब तयार होतो. खाली टणक, वीज सहज न वाहू देणारा खडक असेल, तर हा प्रवाह सोपी वाट शोधतो. ती वाट म्हणजे शेकडो किलोमीटर लांबीच्या अतिउच्च दाबाच्या लाइन्स. त्यात तो शिरतो ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून.

आपली वीज एसी, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. हा आगंतुक प्रवाह मात्र इतका संथ की ट्रान्सफॉर्मरला तो डीसीसारखाच. त्याने ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा एकाच बाजूने भरून जातो, चुंबकीयदृष्ट्या तुडुंब होतो. मग ट्रान्सफॉर्मर तापतो, गुणगुणतो, विजेचा आकार बिघडवतो आणि दाब खाली ओढतो. क्वेबेकमध्ये दाब सांभाळणारी उपकरणं या बिघडलेल्या विजेमुळे एकामागोमाग एक ट्रिप झाली आणि दीड मिनिटाच्या आसपास अख्खं जाळं कोसळलं. क्वेबेकखाली नेमका तोच जुना टणक खडक आहे. त्याच वादळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका अणुवीज केंद्राचा मोठा ट्रान्सफॉर्मर निकामी झाला. ऑक्टोबर २००३ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहराची वीज गेली तीही अशाच वादळात.

भारत विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे आपल्याला धोका कॅनडा-स्वीडनपेक्षा बराच कमी. पण शून्य नाही; कुलाब्याचा १,६०० चा आकडा विसरू नका. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइनने दक्षिण भारत जोडला गेला आणि देशाची एकच ग्रीड झाली. जाळं जितकं लांब, तितकी त्यात शिरायची वाट मोठी.

सुदैवाने आता इशारा मिळतो. २ सप्टेंबर २०२३ ला आपलं आदित्य-एल१ निघालं (तारीख बघा!). पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून ते सूर्यावर नजर ठेवतंय, आणि त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली आहे. त्या अंतरावरून ढग गेला की पृथ्वीवर यायला साधारण तासभर, वेगवान असेल तर त्याहून कमी. मे २०२४ च्या मोठ्या वादळात न्यूझीलंडच्या ग्रीड चालकांनी काही लाइन्स आधीच बंद करून ठेवल्या. लाइट गेली नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट टोचली. ‘अमुक तारखेला सौरवादळाने जगाचं इंटरनेट बंद पडणार’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी येतो. आपण एक तर घाबरून फॉरवर्ड करतो किंवा हसून सोडून देतो. ग्रीडच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला या दोन्हीचा उपयोग नसतो. खोट्या इशाऱ्यावर लाइन बंद केली तर नुकसान, खऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर अंधार. त्याला हवा असतो मोजलेला, तपासलेला आकडा. तो आकडा कोणीतरी रोज, टाळ्या न मिळता, लिहून ठेवलेला असतो. कुलाब्यात, अलिबागला, रेडहिलला.

कॅरिंग्टनला चक्र पूर्ण करता आलं नाही. पण ९ नोव्हेंबर १८५३ ला त्याने सूर्याच्या फेऱ्यांना एक नंबर दिला, तो अजून कोणी थांबवलेला नाही. जगभरचे सौरशास्त्रज्ञ आजही ‘कॅरिंग्टन रोटेशन’ मोजतात. आकडा २,२०० च्या पुढे गेलाय. पुढच्या वेळी लाइट गेली आणि खिडकीत उभे राहिलात, तर समोरची बिल्डिंग बघून झाल्यावर एकदा वरही बघा. बहुतेक वेळा दोष चौकातल्या ट्रान्सफॉर्मरचाच असेल. पण खात्री करूनच बोला.